टॉवेल-टोपीची खोली

परभणीत नवं घर बांधणारे हल्ली नकाशात देवघराच्या बरोबरीने ‘वॉक-इन वॉर्डरोब’ही मागून घेतात. मागणीत गैर काही नाही आणि हिशेबही सोपा आहे. हँगरवरच्या कपड्याला दोन फूट जागा लागते; दोन्ही भिंतींना टांगायचं तर चार फूट; मधे वाकून खालचा ड्रॉवर उघडता यावा म्हणून तीन फुटांची वाट. झाली सात फूट रुंदी. घोळ असतो तो माणसाच्या हिशेबात. हा आराखडा कपडे विकत घेणाऱ्या, घालणाऱ्या आणि टाकून देणाऱ्या माणसासाठी काढलेला असतो. आपल्या जिल्ह्यात या तिन्ही गोष्टी एकाच कपड्याच्या नशिबी क्वचितच येतात. म्हणून माझं म्हणणं असं की, इथला वॉर्डरोब न घालायच्या कपड्यांच्या मापाने बेतावा.

पुरावे घरोघर आहेत. जिंतूरच्या लग्नात मिळालेली टॉवेल-टोपी सेलूच्या वास्तुशांतीला जाते, तिथून मानवतला निघते, आणि एवढ्या प्रवासात तिला एकही डोकं भेटत नाही. ब्लाउजपीसांचंही तेच. त्यात दर तीनेक वर्षांनी धोंड्याचा महिना येतो आणि जावयाच्या नावाने नवा कोरा ड्रेसपीस घरात शिरतो. 2023 च्या अधिक श्रावणातले काही अजून शिंप्याची वाट पाहत आहेत. जुनं लुगडं टाकावं, तर त्याची वाकळ होते आणि ते चौपट जाडीने परत येतं. बोहारणीला द्यावं, तर त्या जागी स्टीलचा डबा येतो. शिवाय इथली हवा. मे महिन्यात पारा 44 अंशांच्या पुढे जातो आणि डिसेंबर 2018 मध्ये तो कृषी विद्यापीठात 2 अंशांवर उतरला होता. म्हणजे स्वेटर टाकताही येत नाहीत आणि वर्षातले दहा महिने घालताही येत नाहीत.

तेव्हा दांडी एकाच भिंतीला पुरे. समोर घडीच्या कपड्यांसाठी सव्वा फूट खोल फळ्या कराव्यात; पाऊण फूट वाचतं. आहेराचे खण दाराजवळ, हाताच्या उंचीवर असावेत आणि प्रत्येक गठ्ठ्यावर देणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी हवी, नाहीतर त्याचाच टॉवेल त्याच्याच गळ्यात पडायचा. वाकळी वजनदार, त्या तळच्या रुंद खणात. यावर इंटिरियरवाले म्हणतील, टांगलेलं सगळं नजरेसमोर राहतं. राहतं खरं; पण जरीची साडी वर्षभर टांगली तर स्वतःच्याच वजनाने ओढली जाते. तिला सुती कापडात घडी घालून ठेवणं आणि अधूनमधून घडी मोडणं, हेच बरं. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे मान्य. पण ओव्हरकोट टांगायची गरज जर्मनीला आहे. वडीलधारे विचारतील, गोदरेजचं कपाट काय वाईट होतं? काहीच नाही. दागिने आणि सातबारा आजही त्यातच ठेवावेत. फक्त त्या कपाटाची जागा नकाशात आधीच धरावी, कारण ते घराबाहेर जाणार नाही.

सगळ्यात रास्त आक्षेप असा की, इतकं कोंबल्यावर मधली वाट राहणार कशी? भीती खरी आहे. आपल्याकडे रिकामी फरशी दिसली की तिच्यावर ज्वारीचं पोतं येतं, पोत्यावर शिलाई मशीन येतं आणि आत चालायच्या वॉर्डरोबमध्ये बाहेरूनच हात घालावा लागतो. शिस्तीने हे थांबत नाही, लाजेने थांबतं. म्हणून दार काचेचं करावं. मात्र पूर्ण काच नको, कारण पाहुण्यांना आपण दिलेली टोपी घडीसकट ओळखू येईल. खाली काच आणि वर लाकूड, म्हणजे वाट चारचौघांत राहील आणि आहेर पडद्यात.