पांढऱ्या साडीचा खुलासा

मिसिसागा, कॅनडा
९ जानेवारी

तीर्थरूप आई-बाबांस शि. सा. नमस्कार.

आई, परवा तू व्हिडिओ कॉल मध्येच तोडलास, म्हणून हा कागदाचा उपद्व्याप. पत्र मलकापूरला पोचेपर्यंत रथसप्तमी होऊन जाईल आणि हळदीकुंकवाच्या बायका तुझ्या सुनेबद्दल बोलायचं ते बोलून मोकळ्या झालेल्या असतील. तरी खुलासा लेखी असलेला बरा.

संक्रांतीची साडी म्हणून तुला पार्सलातून आली ती पांढरीफेक. जरीची किनार तेवढी करंगळीएवढी. तू ती मांडीवर घेऊन नुसती बसून राहिलीस आणि मागून बाबा खुर्चीतून ओरडले, "अवो, मी हाये ना अजून जित्ता!" इकडे तुझी सून फोन माझ्या हातात कोंबून स्वयंपाकघरात पळाली.

तर आई, तिने पांढरी निवडलीच नव्हती. तुझ्याकडे काळ्या दोन आहेत, तिसरी कशाला, म्हणून तिने मुद्दाम श्रीखंडी घेतली. मी शेजारीच होतो. मलाही केशर घातलेलं श्रीखंडच दिसलं. घोळ झाला तो आमच्या कॉम्प्युटरच्या रंगांमुळे.

पडद्यावरचा एकेक ठिपका म्हणजे तांबडा, हिरवा, निळा असे तीन चिमुकले दिवे. प्रत्येक दिवा ० पासून २५५ पर्यंत कमीजास्त होतो. गुणाकार केलास तर १,६७,७७,२१६ रंग होतात. (एवढे रंग, आणि बहुतेकांना नावच नाही, नुसते आकडे! तुझं अबोली, गुलबक्षी, चिंतामणी, डाळिंबी आणि 'असा मातकटसा' एवढ्यात सगळं भागतं.) तिन्ही दिवे पूर्ण लावले की पांढरा. आता विंडोजमध्ये २०१७ पासून नाइट लाइट म्हणून एक सोय आहे. डोळ्यांना त्रास नको म्हणून संध्याकाळी निळा दिवा बराच उतरवायचा, हिरवा थोडा. 'सूर्यास्त ते सूर्योदय' असं एकदा सांगून ठेवलं की रोज आपोआप होतं. मलकापुरात ठीक आहे हो. इथे डिसेंबरात पावणेपाचच्या सुमारास सूर्य बुडतो, म्हणजे चहाच्या वेळेलाच पडद्याला हळद लागते. ते कुणीतरी चालू करून ठेवलं होतं आणि पिवळेपणा पार टोकाला नेला होता.

त्यात तुझ्या नातीची भर. तिला सगळं डार्क मोडमध्ये लागतं, त्यामुळे दुकानाचं पानसुद्धा काळंकुट्ट. त्या काळ्यावर ही एकटी साडी. ताडून बघायला शेजारी दुसरं पांढरं काही नाही. डोळा फसेल नाहीतर काय? (बाबा, तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगतो, काळ्या पडद्याने वीज वाचत नाही. आमच्या जुन्या पडद्याच्या मागचा उजेड चालूच असतो, पुढे चित्र काळं असो की गोरं.)

खरी लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. बाबा, तुम्ही जिनिंगवर होतात तेव्हा कापूस कधी बल्बखाली पाहिला नाहीत. मूठभर घेऊन दारात यायचात, उन्हात धरायचात आणि मगच 'पिवळा पडला' म्हणायचात, गाडीवाला किती का शपथा घेईना. आईचंही तेच. ट्यूबलाइटवर तिचा काडीचा विश्वास नाही. नवीकोरी साडी खांद्यावर टाकून ती दुकानाबाहेर रस्त्यावर, मागे दुकानातला पोऱ्या धावतोय. अशा घरातला मुलगा सूर्य बुडाल्यावर पिवळ्या उजेडात साडी घेतो!

रंगांत हात घालायची खोड मला गावीच लागली, हे कबूल. कॉम्प्युटर क्लासमधलं ते विंडोज ९५ आठवतं. पडदा कसा छान मोरपंखी. आकडे मला आता माहीत आहेत: तांबडा ०, हिरवा १२८, निळा १२८. सर म्हणायचे हात लावू नका, आणि सर चहाला गेले की आम्ही रंगांच्या यादीत. तिथे 'व्हीट' होतं, 'एगप्लांट' होतं. व्हीट म्हणजे गहू हे कळलं. एगप्लांट म्हणजे वांगं हे मात्र इथे भाजी घेताना कळलं. भाजून पाहिलं एक. भरीत कसलं, भिजलेला कापूस झाला.

आता घरात नियम केलाय. साडी रविवारी भर दुपारी, नाइट लाइट बंद करून, मग फोनवर एकदा, मग सुनेच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर एकदा बघायची आणि तिन्हीकडे एकच रंग दिसला तर घ्यायची. परतीची मुदत संपली आहे. रंगाऱ्याकडे देऊन डाळिंबी करून घेणार असशील, तर कापड रंग धरेल का आणि जर काळी पडणार नाही ना, हे आधी विचार. दुसरी कोणत्या रंगाची हवी ते कळव. नुसतं नाव कळव, आकडे मी काढतो.

तुमचा,
बाळ

ता. क. आई, नमस्कार. पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. ते 'कुणीतरी' म्हणजे हेच. डोळे चुरचुरतात म्हणून दिवाळीनंतर लावलं आणि मला सांगितलं नाही. साडी रंगवू नका, घडी तशीच ठेवा. मे महिन्यात येऊ तेव्हा मी नेसेन, आणि हे काय ओरडतात ते बघू.