टीव्ही-करारसाहेबांना अनावृत पत्र

श्रीमंत टीव्ही-करारसाहेब,
मु. पो. बिग टेन, अमेरिका



आपण माणूस नाही, कागद आहात, हे मी जाणतो. पण सात वर्षांचे सात अब्जांहून जास्त डॉलर पोटात घेऊन बसलेल्या कागदाला आमच्याकडे साहेबच म्हणतात. शिवाय करणी आपली, तेव्हा विद्यापीठांच्या अध्यक्षांना पत्र लिहून काय उपयोग? ते बिचारे सहीचे धनी.

१८ ऑगस्ट २०२२ ला, बिग टेन या विद्यापीठांच्या क्रीडा-गटाचे सामने दाखवण्यासाठी, आपला जन्म जाहीर झाला. फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या वाहिन्या पालक. बारशाला पाहुणे मात्र आधीच येऊन बसले होते. ३० जूनलाच लॉस एंजेलिसच्या यूसीएलए आणि यूएससी या दोन विद्यापीठांनी पॅसिफिक किनाऱ्याकडचा, १९१५ पासून चालत आलेला पॅक-१२ हा गट सोडून बिग टेनमध्ये जात असल्याचं सांगून टाकलं. पुढच्या वर्षी वॉशिंग्टन आणि ओरेगन यांनीही पान मांडून घेतलं. २ ऑगस्ट २०२४ पासून नावात दहा असलेल्या आपल्या गटात अठरा विद्यापीठं आहेत. असो, डॉलर मोजताना अशी चूक झाली नाही म्हणजे मिळवली.

हे सगळं झालं अमेरिकन फुटबॉलसाठी. तो लंबगोल चेंडूचा खेळ टीव्हीवर तुफान चालतो, हे मान्य. त्याचे संघ साधारण आठवड्याला एक सामना खेळतात, मोसमात बारा, आणि त्यातले साधारण निम्मे घरच्या मैदानावर. पण विद्यापीठाने गट बदलला की सॉकरच्या पोरीही सामानासकट उचलल्या जातात. त्यांचं वेळापत्रक बहुतेक आठवड्यांत गुरुवार आणि रविवार असं असतं. त्यांचे सामने आपल्या मोठ्या वाहिन्यांवर क्वचितच दिसतात. बरेचसे वेगळे पैसे भरून इंटरनेटवर पाहावे लागतात. म्हणजे लग्न मोठ्या भावाचं, आणि वरातीत पायी चालायचं धाकटीने.

२०२२ च्या डिसेंबरात यूसीएलएच्या मुलींनी नॉर्थ कॅरोलायनाला जादा वेळेत ३-२ असं हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं. हा संघ किनाऱ्यावरच्या शेजाऱ्यांशी झुंजून तयार झाला होता. साडेपाचशे किलोमीटरवरचं स्टॅनफर्ड हा त्यांचा गटातला तगडा प्रतिस्पर्धी. आपल्याला ही सोय बघवली नाही. आता गटातल्या सामन्यासाठी रटगर्सला जायचं, न्यू जर्सीत, सुमारे चार हजार किलोमीटर.  बसने विमानतळ, विमानात पाच तासांहून जास्त, उतरल्यावर घड्याळ तीन तास पुढे, पुन्हा बस. सकाळी आठला नाश्त्याला बोलावलेल्या मुलीच्या अंगात अजून पहाटेचे पाच वाजलेले असतात. तिकडच्या दौऱ्यात एकाला जोडून दुसरा सामना उरकायचा, आणि सोमवारी वर्गात डोळे उघडे ठेवायचे. चार्टर विमान दिलं तरी घड्याळ कुणाचं ऐकत नाही.

यावर आपले वकील सांगतील की खेळाडूंच्या संरक्षणाला नियम आहेत. आहेत ना. एनसीएए या राष्ट्रीय संस्थेच्या नियमानुसार मोसमात खेळासाठी आठवड्याला जास्तीत जास्त २० तास घेता येतात. त्यात प्रवास धरत नाहीत. सामन्याचा दिवस, कितीही लांबला तरी, तीन तासांचा मानतात. म्हणजे लॉस एंजेलिस ते न्यू जर्सी आणि परत, हा प्रवास हिशेबाच्या वहीत घडलेलाच नसतो! आमच्या सरकारी कचेऱ्यांनासुद्धा इतकं स्वच्छ खोटं जमलेलं नाही.

आणि हो, आमच्याकडे भारतीय विद्यापीठ संघ बऱ्याच खेळांच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा आधी विभागवार घेतो. पश्चिम विभागातला संघ आधी पश्चिम विभागातच खेळतो. वर आला तरच पुढचं तिकीट. आमच्या पोरांचे हाल वेगळे असतात, त्याचं पत्र वेगळं लिहीन. पण नकाशा बघून गट पाडावेत एवढी अक्कल त्या व्यवस्थेत आहे.

आपले भाऊबंदही कमी नाहीत. पॅक-१२ मोडल्यावर उघड्यावर पडलेल्या स्टॅनफर्ड आणि बर्कलीने अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचं दार ठोठावलं. तिथे टीव्हीच्या पैशातला पहिली सात वर्षं फक्त ३० टक्के वाटा स्वीकारून हे पॅसिफिक किनाऱ्याकाठचे संघ आत गेले. आता स्टॅनफर्डच्या मुली गटातले सामने खेळायला बोस्टन आणि मायामीला जातात. यूसीएलए आणि बर्कली एकाच सरकारी विद्यापीठ-व्यवस्थेची लेकरं; धाकटी पैसेवाल्या घरी गेली म्हणून २०२४ मध्ये व्यवस्थापनाने तिला थोरलीला तीन वर्षं दरवर्षी एक कोटी डॉलर द्यायला लावले. घटस्फोटाची पोटगी ऐकली होती, गटबदलाची आपल्यामुळे कळली. यूसीएलएला गट बदलायची परवानगी देतानाच त्या व्यवस्थेच्या रीजेंट्सनी, म्हणजे विश्वस्तांनी, खेळाडूंचा आहार, प्रवासातला अभ्यास आणि मानसिक आरोग्य यांवर जादा खर्चाची अट घातली होती. दुखणं ठाऊक होतं, औषधाची तरतूदही केली. दुखणं टाळावं एवढंच कुणाला सुचलं नाही.

साहेब, तोडगा आपल्याच देशात पडून आहे. केंटकी आणि साउथ कॅरोलायना या विद्यापीठांचे अमेरिकन फुटबॉलचे संघ एसईसी या श्रीमंत गटात खेळतात. त्या गटात पुरुषांचं सॉकर नाही, म्हणून २०२२ पासून त्यांचे पुरुषांचे सॉकर संघ सन बेल्ट नावाच्या दुसऱ्याच गटात खेळतात. आकाश कोसळलं नाही, जाहिराती थांबल्या नाहीत. तेव्हा लंबगोल चेंडू आपण खुशाल ठेवा, त्याचे अब्जही ठेवा. सॉकरच्या मुलामुलींना तेवढं शेजाऱ्यांशी खेळू द्या. सामने ऑगस्टमध्ये सुरू होतात. वेळापत्रक छापण्याआधी कळवावे.

आपला,
एक प्रेक्षक, ज्याला आपल्या वाहिन्यांवर सॉकर सापडत नाही