एक, तीन, चार, दोन

जुन्या पेट्रोल इंजिनाच्या प्लगांच्या वायरी बदलणे आणि डिस्ट्रिब्युटरचे टायमिंग लावणे ही दोन कामे यंत्रशास्त्राच्या पुस्तकांत दोन परिच्छेदांत उरकलेली असतात. भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील करडीसारख्या गावात मात्र त्यांचा विचार समाजशास्त्राच्या अंगानेही करावा लागतो, कारण तेथे बॉनेट उघडताच भोवती जमणाऱ्या मंडळींची संख्या सिलिंडरांच्या संख्येहून अधिक भरते आणि सिलिंडरांप्रमाणे ही मंडळी ठरल्या क्रमाने बोलत नाहीत.

या विषयाची साधनसामग्री मर्यादित आहे. महिंद्रांनी १९४७मध्ये मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली, १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या स्थापन झाल्या, आणि ‘जीप आली’ या दोन शब्दांचा अर्थ खेड्यात ‘साहेब आले’ असा होऊ लागला. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली १०८९ सीसीची पद्मिनी मुंबईत टॅक्सी म्हणून २०२३च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत टिकली, तर बाहेरगावी ती डॉक्टर, व्यापारी आणि हौशी माणसे यांच्या दारात उभी राहिली. पुष्कळ जीपांच्या पोटात पुढे डिझेल इंजिन बसवले गेले. डिझेल इंजिनात इंधन दाबाच्या उष्णतेनेच पेटत असल्यामुळे प्लग, वायर आणि डिस्ट्रिब्युटर या तिन्ही चिंता एकदम मिटतात. ही सोय निर्विवाद आहे, परंतु तिच्यामुळे गावकऱ्यांचे चर्चेचे एक क्षेत्र कायमचे आक्रसले, याची दखल अद्याप कोणी घेतलेली दिसत नाही.

अमेरिकी अभियंते चार्ल्स केटरिंग यांनी १९१०च्या सुमारास रूढ केलेली ठिणगी पाडण्याची रचना अशी, की बॅटरीचा बारा व्होल्टचा प्रवाह पॉइंट नावाच्या दोन चिमुकल्या टोकांमधून कॉइलच्या पहिल्या गुंडाळीत वाहत असतो, ही टोके एकमेकांपासून विलग झाली की तो तुटतो, आणि त्या तुटण्याच्या क्षणी कॉइलच्या दुसऱ्या गुंडाळीत वीसेक हजार व्होल्टचा दाब उत्पन्न होतो. हा दाब डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली फिरणाऱ्या रोटरकडे येतो, आणि रोटर पंगतीतल्या वाढप्याप्रमाणे फिरत प्रत्येक सिलिंडरच्या पानावर एकेक ठिणगी वाढत जातो. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर चार सिलिंडरांच्या पंगतीत हा वाढपी सेकंदाला शंभर वेळा वाढतो आणि कोणालाही आग्रह करत नाही.

वाढण्याचा क्रम मात्र एक, तीन, चार, दोन असा असतो, आणि बघ्यांच्या मते येथेच सारा घोटाळा आहे. शेजारच्याला डावलून तिसऱ्याला आधी वाढणे हे कोणत्याही पंगतीत मानापमानाचे कारण ठरावे. इंजिनाचा मात्र त्यात नाइलाज असतो, कारण चार सिलिंडरांच्या प्रचलित क्रँकशाफ्टवर पहिला व चौथा पिस्टन जोडीने वर येतात आणि दुसरा व तिसरा त्याच वेळी जोडीने खाली जातात. त्यामुळे पहिल्यानंतर दुसरा किंवा तिसरा, मग चौथा आणि शेवटी उरलेला, एवढेच दोन क्रम संभवतात. जीप, पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडर यांनी पहिल्यानंतर तिसरा निवडला, फोर्डच्या जुन्या मॉडेल टीने दुसरा निवडला, आणि एक, दोन, तीन, चार हा शाळेत शिकवलेला क्रम कोणालाच परवडला नाही. चार वायरी चार प्लगांना जोडण्याचे एकूण प्रकार २४ होतात. त्यांपैकी २३ चुकीचे असतात आणि त्या प्रत्येकाला गाडीभोवती एक तरी समर्थक मिळतो.

म्हणूनच जुनी वायर काढावी, तिच्याच लांबीची नवी तिच्याच जागी बसवावी आणि मगच पुढचीला हात लावावा, असा सर्व मिस्त्रींचा एकमुखी दंडक आहे. हा दंडक सर्वांना ठाऊक असतो, आणि तरीही चारही वायरी एकदम उपटून बॉनेटवर मांडण्याचा मोह अनावर होतो, कारण त्यामुळे काम फार मोठे असल्याचे दिसते. वायर ओढताना तिचे रबरी टोपण धरायचे असते. वायरच धरून ओढली, तर आतला कार्बनमिश्रित गाभा तुटतो आणि वरून धडधाकट दिसणारी वायर आतून निकामी होते. रोवणीच्या दिवसांत, जेव्हा धानाच्या बांध्या पाण्याने भरलेल्या असतात आणि हवाही जवळजवळ तितकीच ओली असते, तेव्हा तडकलेल्या वायरींतून आणि टोपीवरच्या ओलाव्यावरून वीज पळवाट काढते, गाडी मिस मारते, आणि अंधारात बॉनेट उघडल्यास निळ्या ठिणग्यांची आरास दिसते. टोपीच्या आतील खुंट्या अ‍ॅल्युमिनियमच्या असतात तशा पितळेच्याही मिळतात, आणि पितळ कमी गंजते. पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडारा जिल्ह्यात हे कोणाला पटवून द्यावे लागत नाही. उलट, उरलेली गाडीही पितळेची का केली नाही, असा प्रश्न येतो.

टायमिंगचे प्रकरण याहून नाजूक आहे. पेट्रोलची वाफ पूर्ण जळायला काही सहस्रांश सेकंद लागत असल्यामुळे पिस्टन माथ्यावर पोहोचण्याच्या काही अंश आधीच ठिणगी पडावी लागते. तीन हजार फेऱ्यांच्या वेगात हा एकेक अंश म्हणजे सेकंदाचा अठरा हजारावा भाग. ज्या प्रदेशात अकराच्या मुहूर्ताला अक्षता दीड वाजता पडतात, तेथे या हिशेबाची अपेक्षा करणे हे कारखानदारांचे धाडसच म्हटले पाहिजे. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा दाबायचा, हँडलने इंजिन हळूहळू फिरवायचे, हवा अंगठ्याला ढकलू लागली की दाबाचा फेरा ओळखायचा आणि पुलीवरची खूण जुळवायची. मग पॉइंट नेमके उघडतात तेथे बारीक दिवा पेटेपर्यंत डिस्ट्रिब्युटर फिरवून पट्टी आवळायची. अंगठा न लावता केवळ खुणेवर विश्वास ठेवला, तर निम्म्या वेळा रोटर बरोबर उलट्या बाजूला निघतो. मग गाडी चालू होण्याऐवजी कार्ब्युरेटरमधून फटाके फोडते आणि सल्लागारमंडळ दोन पावले मागे सरते.

पॉइंटमधील फट सुमारे अर्धा मिलिमीटर असावी लागते आणि ती मोजण्यासाठी फिलर गेज नावाच्या पातळ पोलादी पात्या असतात. त्या हाताशी नसतील, तर घरात सापडणारी लग्नपत्रिका वापरली जाते. फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि ठिणगी आधी पडते. पत्रिकेची जाडी मात्र यजमानाच्या ऐपतीवर ठरते. परिणामी, श्रीमंताच्या पत्रिकेवर टायमिंग लावलेली गाडी चढावर खडखडते, साध्या पत्रिकेवर लावलेली मंद चालते व तापते, आणि मोबाइलवरून निमंत्रणे जाऊ लागल्यापासून तर हे मापच दुर्मीळ होत चालले आहे.

काढलेल्या जुन्या वायरी टाकून देण्याची प्रथा नाही. त्या गुंडाळून सीटखाली ठेवल्या जातात, कारण वायर म्हटली की ती कधीतरी कामी येणारच, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः कार्बन गाभ्याच्या वायरीचा रोध काही हजार ओहम असल्यामुळे तिच्यावर साधा बल्बही धड पेटत नाही. कपडे वाळत घालायला ती आखूड पडते, बैल बांधायला निसरडी ठरते. त्यामुळे ती पुढच्या पावसाळ्यापर्यंत सीटखाली सुरक्षित राहते, आणि गाडी पुन्हा मिस मारू लागली की ‘ही चांगली दिसते’ म्हणून कोणीतरी तीच काढून तिसऱ्या प्लगाला लावतो.