दाबाभाऊ

फैजपुरात कंप्रेसर म्हटलं की तीनच गोष्टी डोळ्यांपुढे येतात. पंक्चरवाल्याकडचा, फ्रिजमधला, नाहीतर केळी पिकवायच्या चेंबरमधला. चौथा कंप्रेसर आमच्या गल्लीत दाबाभाऊने आणला. तो कॉम्प्युटरच्या पोटात असतो, दिसत नाही, त्याला हात लावता येत नाही, आणि तो चालू आहे की बंद हे खुद्द मालकालाही छातीठोकपणे सांगता येत नाही.

दारावर 'रेकॉर्डिंग, मिक्सिंग, मास्टरिंग' अशी पाटी लागली त्या पहिल्याच आठवड्यात एक मावशी मिक्सरचं भांडं घेऊन आल्या. पातं अडकत होतं. दाबाभाऊने त्यांना पाटीचा अर्थ समजावून सांगितला, आणि मग पातंही सोडवून दिलं, कारण त्या महिन्यात दुसरं काम नव्हतं.

दाबाभाऊ हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. कुठलाही आवाज कानावर पडला की हा डोळे मिटतो, मान तिरपी करतो आणि म्हणतो, "थोडं दाबायला पाहिजे." पोळ्याच्या मिरवणुकीतला ताशा असो, शेजारच्या म्हशीचं रेकणं असो, नाहीतर निवडणुकीच्या सभेतलं भाषण असो. भाषणाच्या बाबतीत सगळ्या गावाचं त्याच्याशी एकमत झालं आणि नाव पडलं ते पडलंच.

असे दाबाभाऊ आता तालुक्या-तालुक्यात आहेत. वय तिशीच्या अलीकडे-पलीकडे, घरी बापाची केळी, डोक्यावर हेडफोनने पडलेला कायमचा भांग. अहिराणी आणि लेवा बोलीतल्या गाण्यांना मोबाइलवर उदंड गिऱ्हाईक मिळायला लागल्यापासून ही जमात फोफावली. तिच्या वाढीचे टप्पे ठरलेले असतात. पहिलं वर्ष एकोचं: प्रत्येक गायक विहिरीत पडून गातो. दुसरं वर्ष ऑटोट्यूनचं: विहिरीत पडलेला गायक यंत्रमानव होतो. तिसऱ्या वर्षी कंप्रेसर भेटतो, आणि मग माणूस घरच्यांना भेटेनासा होतो.

मला या प्रकरणात रस असण्याचं कारण वेगळं. हा आठवीत माझ्या वर्गात होता. गुणोत्तर-प्रमाणाच्या धड्याला याच्या पोटात दुखायचं. दोनास तीन म्हणजे काय, हे वर्षभरात याच्या डोक्यात शिरलं नाही. तोच मुलगा आता मला रस्त्यात थांबवून सांगतो, "सर, काल व्होकलला चारास एक ठेवला होता, आज अडीचास एक करून बघतो." मी नुसतीच मान हलवतो. आपल्या शिकवण्याला फळ आलं म्हणावं की आपल्याविना आलं म्हणावं, हे काही ठरत नाही.

त्याचा स्टुडिओ म्हणजे धान्याची जुनी खोली. भिंतींना अंड्यांचे ट्रे लावले की आवाज घुमत नाही, असं त्याने कुठंतरी पाहिलं होतं. पण आईने साफ सांगितलं, "आपल्या घरात अंड्याचं टरफलही येणार नही." मग गोधड्या लागल्या. आजीने शिवलेल्या, चांगल्या जाडजूड, नऊ. गंमत अशी की त्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये आवाज शोषायची ताकद जवळपास नसतेच, आणि गोधडीत ती भरपूर असते. म्हणजे आईच्या सोवळ्यामुळे खोली सुधारली. फक्त मे महिन्यात, जळगाव जिल्हा बेचाळीस-त्रेचाळीसवर तापलेला असताना, पंखा बंद करून नऊ गोधड्यांच्या मध्ये उभं राहून हळदीचं गाणं म्हणायचं, हे येरागबाळ्याचं काम नोहे.

रावेरकडचे एक दादा हे असं गाणं म्हणायला आले होते, तेव्हा मी हजर होतो. दादांचा आवाज रानातला. एक ओळ कानात सांगितल्यासारखी, तर दुसरी दोन शेतं ओलांडून बैलवाल्याला हाक मारल्यासारखी. दाबाभाऊने त्यांच्या गाण्यावर काहीतरी केलं आणि ते ऐकून दादा बिथरले.

"मले सांग, तू माझ्या आवाजाचं करू काय रायला?"

दाबाभाऊ खुर्ची वळवून बसला. "दादा, समजा बुऱ्हाणपूरला केळीचा भाव निघाला. एका हद्दीपर्यंत जेवढा भाव तेवढा तुम्हाला मिळतो. ती हद्द म्हणजे थ्रेशोल्ड. आपला उंबरा. आता उंबऱ्याच्या वर भाव चार रुपये चढला, तर तुमच्या हातात पडतो एक रुपया. चारास एक. हा रेशो."

"म्हणजे व्यापारी," दादा म्हणाले. "आन भाव पडला तं?"

"पडला तर कंप्रेसर मधे येत नाही. पडू देतो जसाच्या तसा."

"म्हणजे पक्का व्यापारी."

"मग शेवटी मेकअप गेन असतो. वरून जेवढं कापलं, तेवढं सगळंच्या सगळं उचलून वर द्यायचं. भरपाई."

"पीकविमा."

"पण हा लगेच मिळतो, दादा."

"मग तो पीकविमा नही," दादा म्हणाले आणि पाणी प्यायले.

पस्तीस वर्षं मी गुणोत्तर शिकवलं. संत्री वापरली, आगगाड्या वापरल्या, हौदाला नळ लावले. इतक्या झटकन कुणाला समजल्याचं मला आठवत नाही.

समजावण्यात हा असा पटाईत. करण्यात मात्र त्याने बरीच गाणी मारली. कंप्रेसर नवा नवा कळलेला माणूस आणि नवा नवा हिंग घेतलेली सून, दोघांचा हात सैल असतो. दादांच्या त्या गाण्यावर त्याने आधी विसास एक लावला. कुजबुज आणि हाक एका उंचीला आली. नवरीला हळद लागतेय की भुसावळ जंक्शनवर डाउन गाडी दीड तास उशिराने येतेय, कळेना. शिवाय भरपाईच्या नादात आवाजाबरोबर आवाजामागचंही सगळं वर आलं. दुसऱ्या कडव्यानंतर दादा श्वास घेतात, त्या सांदीत स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी वाजते, ती आधी मुंगीएवढी होती. मिक्समध्ये ती करवलीसारखी पुढे येऊन उभी राहिली. लोकांना वाटलं, लग्नघर दाखवायला मुद्दाम घातलीय. तीनजणांनी तशीच शिट्टी आपल्याही गाण्यात मागितली.

ढोलकीची कथा त्याहून करुण. उंबरा ओलांडणाऱ्याची मान किती चटकन धरायची, तो अटॅक; आणि धरलेली मान किती वेळाने सोडायची, तो रिलीज. ढोलकीची थाप म्हणजे पहिल्या काही मिलिसेकंदांचा मामला. तेवढ्यात जे काय व्हायचं ते होऊन जातं, पुढे नुसता घुमारा उरतो. अटॅक फार चपळ ठेवला की थाप दारातच पकडली जाते आणि ढोलकी केळीच्या रिकाम्या खोक्यावर बोटं वाजवल्यासारखी लागते. वीस-तीस मिलिसेकंदांची सवड दिली, तर थाप निसटून पुढे येते आणि मान धरली जाते ती मागच्या घुमाऱ्याची. रिलीजचं गणित लयीशी. मिनिटाला एकशेवीस ठोके असतील तर एक ठोका पाचशे मिलिसेकंदांचा. पुढची थाप यायच्या आत मान सुटली पाहिजे, नाहीतर तीही दबूनच बाहेर पडते.

एवढं सगळं दाबाभाऊला पाठ होतं. तरी त्याची ढोलकी आठ महिने खोकंच राहिली. कारण तो वापरत होता ११७६. म्हणजे बिल पुटनम यांनी १९६७ साली काढलेल्या अमेरिकन यंत्राची कॉम्प्युटरमधली नक्कल. त्या मूळ यंत्राचा अटॅकचा नॉब उलटा आहे. उजवीकडे जितका फिरवाल तितका तो चपळ. जगातल्या बाकी बहुतेक कंप्रेसरांवर उजवीकडे म्हणजे सावकाश, म्हणून हा बिचारा प्रत्येक वेळी थापेला सवड द्यायला नॉब पार उजवीकडे लोटायचा. वर कडी म्हणजे या यंत्राचा सगळ्यात सावकाश अटॅकसुद्धा एका मिलिसेकंदाच्या आतला, आणि सगळ्यात चपळ वीस मायक्रोसेकंदांचा. म्हणजे थापेला जिथं दार उघडंच मिळणार नव्हतं, तिथं हा तिला कुलूपही लावत होता. कळलं तेव्हा तो ओट्यावर येऊन बसला. आईने विचारलं, काय झालं. त्याने सांगितलं. आई म्हणाली, "इतके पैसे घेतात अन् नॉब उलटा बसवतात?" पैसे दिलेले नव्हते, पण तो विषय त्याने काढला नाही.

घरातल्यांना त्याने आपली विद्या शिकवली नाही असं नाही. साइडचेन म्हणजे काय, हे त्याच्या बायकोला जेवताना कळलं. किक वाजली की बासने आपोआप खाली बसायचं आणि किक थांबली की हळूच वर यायचं. "म्हणजे आबा बोलायला लागले की आपण," ती म्हणाली. आबांनी भरताचा घास थांबवून वर पाहिलं. सगळं ताट खाली बसलं. आबा पुन्हा जेवायला लागले तसे सगळे हळूहळू वर आले. रिलीज बऱ्यापैकी लांब होता.

मग यूट्यूबने त्याला एक धडा दिला. आपलं गाणं सगळ्यांत मोठं वाजावं म्हणून त्याने शेवटचा मास्टर इतका ठेचला की लाउडनेसच्या मापात तो उणे सहावर आला. यूट्यूबचा उंबरा उणे चौदाच्या आसपास. त्याहून मोठं गाणं आलं की ते गुपचूप खाली ओढतात. याचं गाणं आठ डेसिबल खाली आलं आणि, ठेचल्यामुळे चढउतार मेलेलेच होते, शेजारच्या गावच्या साध्यासुध्या गाण्यापुढे ते तापातून उठल्यासारखं वाजायला लागलं. दोन दिवस तो म्हणत होता की परदेशी कंपन्यांना खान्देशचा आवाज सहन होत नाही.

पण खरा घाव पडला तो नंतर. एका रात्री दादा, मी आणि गल्लीतली चार पोरं स्टुडिओत होतो. दाबाभाऊ आवाजावर एक नवा कंप्रेसर बसवत होता. नॉब केसभर फिरवायचा, आम्हाला ऐकवायचा. "आता?" आम्ही म्हणायचो, "हां, आता ऊब आली." पुन्हा केसभर. "आता?" "आता कसं, जवळ बसून गातोय असं वाटतंय." दादांनी तर डोळे पुसले. मीही, खोटं कशाला बोलू, 'गाभा' असा काहीतरी शब्द वापरला. चाळीस मिनिटांनी एका पोराने पडद्यावर बोट ठेवून विचारलं, "भो, हे पिवळं काय आहे? बायपास लिहिलंय."

कंप्रेसर सुरूच नव्हता. पहिल्यापासून.

पुढचे तीन दिवस स्टुडिओ बंद. चौथ्या दिवशी भोंगेवाले काका भजनांचा पेनड्राइव्ह भरून घ्यायला आले, म्हणून उघडला.

काकांनी उभ्या हयातीत यात्रा, सप्ताह, लग्नं आणि प्रचारसभा यांना अॅम्प्लिफायर आणि भोंगे पुरवले. बोलायला लागले की ते आधी १९३६ ला जातात. काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन, खेड्यात भरलेलं पहिलं, इथं फैजपुरात, डिसेंबर महिना, अध्यक्ष नेहरू, बांबूचं सगळं काम नंदलाल बोसांचं. काकांचा जन्म त्यानंतरचा, पण तेही डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगतात. फैजपुरात हा गुन्हा धरत नाहीत. त्या काळी काँग्रेसच्या सभांना शिकागो रेडिओचे भोंगे असत, हे काकांच्या धंद्यातलं पुराण, आणि त्या पुराणातला प्रश्न एकच: शेवटच्या रांगेत उकिडव्या बसलेल्या शेतकऱ्याला ऐकू गेलं का?

दाबाभाऊने त्यांना बायपासचं दुःख सांगितलं. काकांना बायपास म्हणजे हृदयाचा वाटला, म्हणून पहिली पाच मिनिटं वेगळीच गेली. मग म्हणाले, "आमच्या येळी हे नव्हतं बापा. बोट होतं." कीर्तनाला ते अॅम्प्लिफायरपाशी बसत, उजव्या हाताचं बोट नॉबवर. बुवा आवाज चढवणार, हे त्यांना बुवांच्या खांद्यांवरून कळे. खांदे वर झाले की बोट खाली. बुवा कंठ दाटून बोलायला लागले की बोट हळूच वर. "लोकायले कळलं नही पाहिजे, की इथं कोनी बसेल आहे."

पहिल्या रेडिओ केंद्रांतही असंच चाले. काट्याकडे बघत माणसं हाताने आवाज सांभाळत, आणि कंप्रेसर आला तो त्या दमलेल्या हाताला उसंत द्यायला. हे दाबाभाऊला ठाऊक होतं, पण कधी बोट पाहिलेलं नव्हतं. त्याने दादांचं गाणं लावलं आणि काकांना माउसऐवजी छोटा फेडर दिला. काकांनी चष्मा काढून ठेवला. कुजबुजीला ते वर सरकले, हाकेच्या अर्धा क्षण आधी खाली. शिट्टी आली तेव्हा फेडर पार तळाला नेला आणि पुढच्या शब्दाला अलगद परत आणला. गाणं एकदाच वाजलं. दाबाभाऊने ते तसंच जपून ठेवलं. वर कंप्रेसर लावला तो दोन नॉबचा, साठच्या दशकातल्या एलए-टू-एची नक्कल, ज्याला इतके दिवस तो "यात आहेच काय" म्हणत होता. मूळ यंत्रात एक दिवा असतो. आवाज वाढला की तो उजळतो, समोरचा भाग तो उजेड ओळखतो आणि आवाज खाली घेतो. काटा दोन डेसिबलच्या आसपास डुलत राहिला. या वेळी पिवळा दिवा त्याने तीनदा तपासला.

ते गाणं गेल्या लग्नसराईत एका वरातीत वाजलं. मी वरातीत होतो, दाबाभाऊही. पुढे डीजेची गाडी, स्पीकरांची भिंत, सगळ्या पट्ट्यांवर लाल दिवे, बाजूला जनरेटर. खिडक्यांच्या काचा आणि माझी कवळी एका लयीत थरथरत होती. डीजेवाल्याने सगळे नॉब उजवीकडे नेऊन ठेवले होते आणि स्वतः कुल्फी खात होता. पोरं नाचत होती. शब्द एकही कळत नव्हता.

दाबाभाऊ गर्दीतून माझ्यापाशी आला. डोळे मिटले, मान तिरपी केली. मग माझ्या कानाला तोंड लावून ओरडला, "सर, थाप येतेय ना?"

मला जनरेटर ऐकू येत होता.

"येतेय," मी ओरडलो.

त्याने समाधानाने मान हलवली. "तीस मिलिसेकंद ठेवलाय."