मंडळीचे जागले

आमच्या नगरकडे ख्रिस्ती माणूस 'मंडळी' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बायको नसते, चर्च असतं. आणि मंडळी म्हटली की तिच्यात एक भाऊ असतातच. पाळकांच्या बदल्या होतात, कमिटीची भांडणं कोर्टापर्यंत जाऊन परत येतात, भाऊ जागचे हलत नाहीत. पहिला बाक, कडेची जागा, एक डोळा व्यासपीठावर आणि दुसरा दारावर.

भाऊंचे पणजोबा गावचे जागले. रात्री हाळी देत गस्त घालायचे. मिशनच्या शाळेनं पुढच्या पिढीची गस्त सोडवली, हाळी मात्र घराण्यात राहिली. भाऊ ती पहाटे चारला देतात, मोबाइलवर. 'जागे आहात ना?' एवढाच मजकूर. नसलो तरी त्यानंतर असतोच. उत्तर दिलं की 'प्रार्थना झाली का?' येतं, न दिलं तर साडेचारला फोन येतो.

गेथशेमाने बागेत प्रभू प्रार्थना करत असताना तिघे शिष्य झोपले, याचा राग भाऊंच्या मनातून दोन हजार वर्षांनीही गेलेला नाही. पेत्र, याकोब, योहान आपल्याच तरुण संघातले असावेत अशा सुरात ते म्हणतात, "एक तास! साधा एक तास निघाला नाही यांच्यानं!" मग पौलाच्या प्रवचनात डुलकी लागून तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली पडलेला युतुख येतो. आमचं चर्च तळमजल्यावरच आहे, तरी भाऊ पोरांना खिडकीत बसू देत नाहीत. पौल त्या रात्री मध्यरात्रीपर्यंत बोलत होता, याकडे मी एकदा भाऊंचं लक्ष वेधलं. पुढच्या बुधवारच्या सभेत माझ्यासाठी नावानिशी प्रार्थना झाली.

त्यांची प्रार्थना हा वेगळाच प्रकार आहे. सर्वज्ञ देवाला एवढा तपशील कशाला लागतो, हे मला कळलेलं नाही. "हे प्रभो, तुला ठाऊकच आहे, तुझा एक तरुण सेवक मंगळवारी रात्री साडेअकराला बसस्थानकामागं उभा होता. गाडी लाल होती, प्रभो." सगळ्यांचे डोळे मिटलेले, पण लाल गाडीवाल्याच्या आईचे खाडकन उघडतात. गेल्या वर्षी सावेडीत एका नव्या घराची उपकारस्तुती होती. आत बिर्याणी दमाला लावलेली, वास बैठकीत येऊन पोचलेला. भाऊंनी पायापासून सुरुवात केली. सिमेंट, गवंडी, कर्जाचे हप्ते, मग शेजारी, मग देशाचे पंतप्रधान. आमेन झालं तेव्हा बिर्याणीवरचं तूप गोठलं होतं आणि घरमालकाचा धाकटा मुलगा सोफ्यावर शिष्यांच्या मार्गानं गेला होता.

मात्र त्याच प्रार्थनेत मध्येच एक वाक्य आलं होतं. "आणि प्रभो, तुझी ती विधवा लेक, तिचं दोन महिन्यांचं भाडं थकलंय, तीन रविवार ती उपासनेला आलेली नाही." आमच्या कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. डोळे मिटलेले असताना माणसाला खोटं बोलता येत नाही, निदान मला तरी नाही. जेवणाआधीच चौघांनी खिसे चाचपले. तेव्हा उलगडलं, भाऊ पाठवतात वर, पण टपाल उतरतं शेजारच्या बाकावर. पाळकांकडं हजेरीपट नसतो. भाऊंना तो तोंडपाठ असतो. आता या कामाला आध्यात्मिक जागृती म्हणायचं की भोचकपणा, यावर आमच्या घरात मतभेद आहेत. बायको भोचकपणाच्या बाजूनं आहे. लाल गाडी आमचीच होती.

भाऊंचा खरा सण एकतीस डिसेंबर. त्या रात्री जागून प्रार्थना करायची, वर्ष गुडघ्यांवर ओलांडायचं. तिथं दरसाल ते तीच गोष्ट सांगतात. अठराव्या शतकात इंग्लंडातल्या किंग्जवूडचे कोळशाच्या खाणीतले मजूर शनिवारची रात्र गुत्त्यात काढायचे. जॉन वेस्लींच्या उपदेशानं पालटले आणि तीच रात्र प्रार्थनेत जागवू लागले. तिथून वेस्लींनी ही जागरणाची उपासना मेथॉडिस्ट लोकांत रुजवली. त्याला जोडून केडगाव येतं. १९०५ साली पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुली तासन्‌तास प्रार्थना करायच्या. "आणि आमची पोरं वीस मिनिटांत घड्याळ बघतात!" असं म्हणून भाऊ स्वतःच घड्याळ बघतात. बारा वाजायच्या आत अजून किती नावं घ्यायची राहिली, हे त्यांना मोजायचं असतं.

यंदाची समारोपाची प्रार्थना कमिटीनं पुन्हा त्यांनाच दिली आहे. उपासना रात्री दहाला सुरू होईल, नंतर चहा-केक आहे. सर्वांनी यावं. मात्र घरून जेवून या.