दाण्यातले पाणी आणि पेल्यातले पाणी

मांस-मासळीबरोबरच दूध, दही, तूप, अंडी आणि मध हे सर्व प्राणिजन्य पदार्थ वर्ज्य मानणाऱ्या आहारपद्धतीला 'व्हीगन' म्हणण्याचा प्रघात १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाडला, आणि ही पद्धत मुंबई-पुण्याच्या कॉफी शॉपांत स्थिरावून आता जिल्ह्याच्या गावांकडे निघाली आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ साली व्हीगन अन्नासाठी स्वतंत्र विनियम लागू केल्यामुळे, दूधतुपालाही बिनतक्रार मिळणाऱ्या शाकाहाराच्या हिरव्या ठिपक्याहून अधिक सोवळे असे एक चिन्ह देशाला लाभले. बुलढाणा जिल्ह्याने या नवलाईने दबून जाण्याचे कारण नाही. कारण या पंथाचे आचरण तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालू असून, त्यासाठी कोणी जादा पैसे मोजत नव्हते एवढाच काय तो फरक आहे.

अभ्यासाच्या सोयीसाठी व्हीगनांचे दोन वर्ग करता येतात: दूध परवडत असूनही ते नाकारणारा तो स्वेच्छा-व्हीगन, आणि दूध घरात नसल्यामुळे कोरा चहा पिणारा तो परिस्थितीजन्य व्हीगन. दुसऱ्या वर्गाची न्याहारी म्हणजे ज्वारीची भाकरी, ठेचा आणि जवसाची चटणी. तीत प्राण्याचा अंश शोधूनही सापडत नाही, पण तिचे छायाचित्र काढून कोणी चारचौघांत मिरवत नाही. शेगावच्या गजानन महाराजांचा आवडता नैवेद्य म्हणून भक्तांत प्रसिद्ध असलेली झुणका-भाकर व अंबाडीची भाजी याच कसोटीला उतरते. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी १९५० च्या सुमारास शेगाव रेल्वे स्थानकावर विकायला सुरुवात केलेली कचोरी, म्हणजे मैद्याच्या पारीत डाळ-मसाल्याचे सारण भरून तेलात तळलेला व तळलेल्या मिरचीसह खावयाचा पदार्थ, ही तर जिल्ह्याची सर्वांत यशस्वी व्हीगन निर्मिती म्हटली पाहिजे. तिच्यावर व्हीगन चिन्ह नाही, आणि गाडी दोन मिनिटे थांबली असताना ते पाहत बसण्याइतका वेळही कोणापाशी नसतो.

बेकरीचे प्रकरण किंचित गुंतागुंतीचे आहे. लोणी महाग म्हणून साध्या बेकरीतली खारी आणि नानकटाई वनस्पती तुपात, म्हणजे तेलात हायड्रोजन सोडून घट्ट केलेल्या चरबीत, केली जात असे, त्यामुळे गरिबाची नानकटाई नकळत व्हीगन झाली आणि 'शुद्ध लोण्यातली' म्हणून मिरवणारी श्रीमंताची नानकटाई अपात्र ठरली. अशा चरबीतील घातक ट्रान्स फॅटवर २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा घालावी लागली, यावरून व्हीगन आणि पथ्यकर या दोन गोष्टी एक नव्हेत हेही ध्यानात येते. वाढदिवसाचा 'एगलेस' केक मात्र फसवा आहे, कारण त्यात अंड्याची जागा बहुधा दही किंवा आटवलेले दूध घेते. दूध नको, लोणी नको, अंडे नको, अशी यादी सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला काउंटरवरचा मुलगा "मंग उपासाचं पायजे काय, दादा?" असे विचारील, तर त्यात त्याचा दोष नाही, वर्ज्य पदार्थांची एवढी लांब यादी त्याने आजवर एकादशीलाच ऐकलेली असते.

अंड्याच्या या अडचणीवर महानगरी बेकऱ्यांनी काढलेला तोडगा वऱ्हाडी वाचकाने जपून वाचावा. एक चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटे भिजवली की तिला बुळबुळीत चिकटपणा येतो आणि तो केकमध्ये एका अंड्याचे काम करतो. त्याचप्रमाणे हरभरे शिजवून उरलेले पाणी, ज्याला तिकडे 'अ‍ॅक्वाफाबा' म्हणतात, घोटल्यावर अंड्याच्या पांढऱ्या भागासारखे फेसाळते. ज्या घरांत जवस खलबत्त्यात आणि पुरणाचा कट आमटीत जातो, त्या घरांनी आपण इतकी वर्षे कोणते प्रगत तंत्र वरपत होतो याचा विचार करावा.

सर्वांत उद्बोधक प्रकार कॉफीच्या पेल्यात घडतो. साध्या दुधाऐवजी सोयाबीन किंवा ओट्सचे दूध मागितल्यास शहरी कॉफी शॉपांत पन्नास रुपयांच्या आगेमागे जादा आकार लागतो. सोयादूध म्हणजे भिजवून वाटलेले व उकळून गाळलेले सोयाबीन. त्याच्या लिटरला साधारण १२५ ग्रॅम दाणे पुरतात, म्हणजे २०० मिलिलिटरच्या पेल्यात २५ ग्रॅम. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये असल्याने या २५ ग्रॅमची किंमत दीड रुपयाच्या आत बसते, आणि तीही शेतकऱ्याला हमीभाव मिळाला असे गृहीत धरून. हे गृहीत किती धाडसाचे आहे, हे सोयाबीन-कापसाच्या भावासाठी २०२२ आणि २०२३ मध्ये बुलढाण्याच्या रस्त्यांवर निघालेल्या मोर्चांनी दाखवून दिले आहे.

येथे पाण्याविषयीचे दोन नियम शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. हमीभावाच्या खरेदी केंद्रावर दाण्यातील ओलावा, ज्याला शेतकरी 'मॉइश्चर' म्हणतो, १२ टक्क्यांच्या वर गेला की माल नाकारला जातो. पावसाने झोडपलेल्या २०२४ च्या हंगामात ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत वाढवून मिळाली, तर त्याला मोठी सवलत म्हटले गेले. तोच दाणा सोयादूध होऊन पेल्यात येतो तेव्हा त्यात ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असते आणि त्या पाण्याबद्दल कोणी पोते परत पाठवत नाही. उलट ते सेवेच्या आकारात धरले जाते. शेतकऱ्याच्या घरचे पाणी हा माल खराब असल्याचा पुरावा ठरतो आणि कॉफी शॉपातले पाणी हा जीवनशैलीचा भाग ठरतो. शिवाय जिल्ह्यातल्या सोयाबीनची सरळ वाट तेलगिरणीची असून, तेल काढल्यावर उरणारी पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते; म्हणजे पेरणाऱ्याने पिकवलेले व्हीगन प्रथिन अंड्याच्या रूपाने दुसऱ्याच्या ताटात पोहोचते आणि पेरणारा कोरा चहा पीत भावफलक पाहतो.

गायी-म्हशींच्या हालअपेष्टा पाहून दूध सोडणाऱ्या माणसाच्या भावनेची थट्टा करण्याचे कारण नाही. थट्टेचा विषय आहे तो त्या भावनेवर बसवलेला भाव. चिखली, मेहकर किंवा खामगावात कोणी व्हीगन कॉफीचे काउंटर उघडणार असेल, तर त्याचे स्वागतच व्हावे. मात्र त्याने दूरदेशीचे ओट्स मागवण्यापेक्षा गावच्याच बाजार समितीतून सोयाबीन घ्यावे, तेथेच दूध काढावे, आणि कॉफीच्या यंत्राशेजारी एक मॉइश्चर मशीनही ठेवावे. १२ टक्क्यांच्या वर पाणी निघालेला पेला विनाहरकत परत घेण्याचा नियम एक हंगाम तरी पाळला गेला, तर सोयाबीन उत्पादक शेतकरीही मोठ्या आनंदाने व्हीगन कॉफीचे गिऱ्हाईक होतील.