बोर्डवाले काका

न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये, जॅक्सन हाइट्सला घर घ्यायचं म्हटलं की कोणी ना कोणी सांगतंच, "आधी काकांच्या कानावर घाल." काका म्हणजे इमारतीच्या को-ऑप, म्हणजे सहकारी सोसायटीच्या, बोर्डाचे अध्यक्ष. ते एक नाहीत. ३५व्या अ‍ॅव्हेन्यूच्या आसपास, दुसऱ्या महायुद्धाआधीच्या त्या विटांच्या पाच-सहा मजली इमारतींमध्ये, असे बरेच आहेत. काही पंजाबी, काही कोलंबियन. एका इमारतीत तर एक ज्यू आजीबाईच काका आहेत. पण को-ऑप बोर्डाचं अध्यक्षपद खरं अंगी लागतं ते मराठी माणसाच्या. बाकीच्यांना हे काम शिकावं लागतं. आपले काका दादरच्या सोसायटीत वाढलेले. टाकीचं पाणी, गच्चीची किल्ली आणि जिन्यातल्या चपला या विषयांवरची रणं त्यांनी मुंजीच्या आधीच पाहिलेली.

काका सिव्हिल इंजिनिअर. आधी याच इमारतीत भाड्याने राहत होते. ऐंशीच्या दशकात इमारत को-ऑप झाली, तेव्हा आतल्या भाडेकरूंसाठीच्या खास भावात जागा पदरात पडली. तो भाव ते कोणालाही सांगतात. नव्याने घेणाऱ्याला जरा जास्त प्रेमाने सांगतात.

मात्र "माझं घर" म्हटलेलं त्यांना खपत नाही. "घर कॉर्पोरेशनचं. तू शेअरहोल्डर. राहायला मिळतं ते लीजवर." मुंबईत पन्नास रुपयांचे ठरावीक शेअर, वन रूम किचनवाल्याला तेवढेच आणि टेरेसवाल्यालाही तेवढेच. इथे खोल्या किती, मजला कितवा, उजेड कुठून, हे बघून शेअर ठरतात आणि त्या हिशेबाने दरमहा मेंटेनन्स. काकांचे धाकटे बंधू अजून दादरला सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. रविवारच्या फोनवर दोन्ही देशांतल्या सहकाराची तुलना होते आणि बंधूंची कीव केली जाते. कारण महाराष्ट्राच्या १९६०च्या कायद्यात सभासदत्व नाकारायचं तर कारण द्यावं लागतं, आणि तीन महिन्यांत काहीच कळवलं नाही तर अर्जदार आपोआप सभासद! न्यूयॉर्कच्या बोर्डावर कारण सांगायचं बंधन नाही. "अरे, नाकारता येत नाही, तर सेक्रेटरी होऊन करतोस काय?" काका विचारतात. बंधू लिफ्टच्या वार्षिक देखभालीकडे विषय वळवतात.

१९९३ साली हा भाग 'ऐतिहासिक' म्हणून जाहीर झाला आणि काकांच्या हातात दुसरं शस्त्र आलं. खिडकी बदलायची? शहराच्या लँडमार्क्स कमिशनची परवानगी आणा. सोबत इमारतीची आपली नियमावली आहेच: लाकडी जमिनीचा ऐंशी टक्के भाग गालिच्याने झाकायचा, फ्लॅटमध्ये वॉशिंग मशीन ठेवायचं नाही, सामान हलवायचं ते कामाच्या दिवशी, ठरलेल्या वेळात. ही नियमावली काकांना पाठ आहे. काकूंनाही आहे, कारण तिचा भंग करणाऱ्यांत त्यांचा नंबर वरचा. एकदा खालच्या मजल्यावरून लेखी तक्रार आली, सकाळी सातला वरून ठोकल्याचा आवाज येतो. काकू खलबत्त्यात वेलची कुटत होत्या. काकांनी अध्यक्ष या नात्याने पाच-सी फ्लॅटच्या शेअरहोल्डरला, म्हणजे स्वतःला, रीतसर नोटीस काढली, मॅनेजिंग एजंटला प्रत पाठवली आणि बाहेर जाऊन ती आपल्याच दाराखालून आत सरकवली. उत्तर द्यायला चौदा दिवस घेतले. मुदतवाढ मागायचाही विचार होता, असं काकू म्हणतात.

हिवाळ्यात काकांचं तेज वाढतं. या जुन्या इमारतींना वाफेचं हीटिंग असतं. तळघरात बॉयलर, भिंतीतून नळ, प्रत्येक खोलीत लोखंडी रेडिएटर. वाफ आपल्या मर्जीने फिरते. तिसऱ्या मजल्यावरचे लोक जानेवारीत खिडक्या उघडून बनियनवर बसतात आणि सहाव्यावरचे टोपी घालून झोपतात. शहराचा नियम असा, की १ ऑक्टोबर ते ३१ मे, दिवसा बाहेर ५५ फॅरनहाइटच्या खाली गेलं तर घरात किमान ६८ हवं. काका खिशात थर्मामीटर ठेवतात. कोणी गारठ्याची तक्रार घेऊन आलं की ते त्याच्या खोलीच्या मधोमध उभे राहतात, काचेवर फुंकर मारतात आणि जाहीर करतात, "एकोणसत्तर." थंडी वाजणाऱ्या माणसाला चूक ठरवण्याचं हे कौशल्य मी इतरत्र पाहिलेलं नाही. अलीकडे मात्र ते थोडे खचले आहेत. मोठ्या इमारतींच्या धुरावर शहराने २०१९ साली कायदा केला, मर्यादेपलीकडे गेलं की दंड. आता बॉयलर म्हटलं की काका छातीवर हात ठेवतात.

त्यांचा खरा सण जूनमध्ये. इथल्या इमारती रस्त्याकडे तोंड करून उभ्या असल्या तरी जीव त्यांच्या पाठीमागे आहे. अख्ख्या ब्लॉकच्या पोटात लांबलचक बाग, बाहेरून दिसतसुद्धा नाही. वर्षातून एकदा या बागा पाहुण्यांना उघडतात. त्या दिवशी काका इस्त्रीचा सदरा घालून वाटाडे होतात. एडवर्ड मॅक्डुगल नावाच्या माणसाच्या क्वीन्सबरो कॉर्पोरेशनने शेतजमिनी घेऊन हे उपनगर कसं वसवलं, १९१७ साली इथवर रेल्वे कशी आली, १९१९ पासून फ्लॅट को-ऑप पद्धतीने कसे विकले, गोल्फचं मैदान कुठे होतं, सगळं ते तारीखवार सांगतात. मंदीत नोकरी गेलेल्या आल्फ्रेड बट्स या आर्किटेक्टने स्क्रॅबलचा खेळ इथेच राहून शोधला. कोपऱ्यावरच्या ३५व्या अ‍ॅव्हेन्यूच्या पाटीवर अक्षरांखाली गुणही आहेत. काकांनी त्यांची बेरीज करून ठेवली आहे. "इतके नियम असलेला खेळ को-ऑपच्याच वस्तीत सुचणार," हे त्यांचं मत.

मग ते बागेच्या मधोमध थांबतात. "ही घरं विकताना ज्यूंना नाही, काळ्यांना नाही, असं होतं. माझ्यासारख्याला तर फाटकातूनच परत लावला असता." पाहुणे गप्प होतात. कोणी सहानुभूतीने काकांच्या दंडाला हात लावतं. काका क्षणभर ती सहानुभूती घेतात आणि लगेच एका पोराला ओरडतात, "गवतावरून खाली उतर! बाग बघायची आहे, वापरायची नाही."

आणि घर घ्यायला आलेल्याची बोर्डापुढची मुलाखत! दोन वर्षांचे टॅक्स रिटर्न, बँकेची स्टेटमेंटं, मालकाचं पत्र, ओळखीच्यांची शिफारसपत्रं, हा सगळा गठ्ठा काका पत्रिका जुळवावी तसा बघतात. क्रेडिट कार्डाचं थकलेलं बिल म्हणजे मंगळ. इथवर ते मजेत असतात. पण समोर मराठी उमेदवार बसला की त्यांचे हाल सुरू होतात. कारण बोर्डाच्या वकिलाने बजावून ठेवलंय, भेदभावाचा दावा लागेल असं काही विचारायचं नाही: मूळचा कुठला, लग्न झालंय का, मुलं किती, धर्म कोणता, वय काय. आता मराठी माणसाच्या बोलण्यातून एवढं वजा केलं तर उरतं हवामान.

मागच्या वर्षी एक तरुण आला. आडनाव असं, की काकांच्या ओठांवर "म्हणजे कोकणातले का?" येऊन परत गेलं. त्यांनी पाणी प्यायलं. इंग्रजीत पाळीव प्राण्यांबद्दल विचारलं. पुन्हा पाणी प्यायलं. तो बिचारा ओळख निघेल म्हणून "काका, आमच्याकडे..." असं सुरू करायचा, की काका हात वर करून "प्लीज, नो पर्सनल इन्फर्मेशन" म्हणायचे. ठरावाच्या वेळी सगळ्यांचे हात वर गेले.

सामान घेऊन तो आला त्या दिवशी काका लिफ्टपाशी सहज म्हणून तासभर उभे होते. तो आत शिरला, काका मागून शिरले, दार बंद झालं.

"गाव कुठलं?"

गाव कळलं. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये वाडी कळली. तिसऱ्याला आजोबांचं नाव निघालं, आणि चौथ्याला काकांचा चेहरा पडला. आंब्याच्या दोन कलमांवरून काकांच्या घराण्याचा ज्यांच्याशी चाळीस वर्षं दावा चालला होता, ते हेच आजोबा.

दार उघडलं. मुलगा खोकी धरून भांबावून उभा.

"वकील म्हणतो ते खरं आहे," काका म्हणाले. "आधी विचारायचं नसतं. गालिचा ऐंशी टक्के. मोजायला मी स्वतः येईन."